चुलीचा धूर, फुफ्फुसं आणि कर्क स्मिथ यांची मोजमापं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवेचं प्रदूषण म्हटलं की दिल्लीचं धुकं आणि चौकातली वाहनं आठवतात. पण या विषयातलं फार मोलाचं संशोधन सुरू झालं ते चुलीपाशी. विद्यार्थी, आशाताई, बचत गट आणि गावात मोजमाप करू पाहणारे लोक जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत.

कर्क स्मिथ कोण होते?

कर्क आर. स्मिथ (१९४७–२०२०) हे बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पर्यावरण-आरोग्याचे प्राध्यापक होते. त्याआधी ते होनोलुलूच्या ईस्ट-वेस्ट सेंटरमध्ये ऊर्जेच्या प्रश्नांवर काम करत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी भारतीय सहकाऱ्यांसोबत गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटे पंप लावले आणि श्वासासोबत किती धूर आत जातो ते मोजलं. तोवर प्रदूषण म्हणजे शहर आणि कारखाना असंच धरलं जाई. चुलीपुढचे आकडे मोठ्या शहरांतल्या हवेपेक्षा कितीतरी पट जास्त निघाले. पुढे त्यांनी नेपाळ, ग्वातेमाला आणि पुन्हा भारतात काम केलं. २०१२ मध्ये त्यांना पर्यावरण क्षेत्रातला टायलर पुरस्कार मिळाला. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हा गॅसच्या बाजूने जे शास्त्रीय मुद्दे मांडले जात होते, त्यांतले बरेच या कामातून आले होते.

लाकूड तर नैसर्गिक आहे. त्याचा धूर इतका वाईट कसा?

लाकूड पूर्ण जळलं तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ एवढंच उरतं. चुलीत ते पूर्ण जळत नाही. हवा कमी पडते, भांड्याचं गार बूड ज्वाळेला विझवतं, ओलं सरपण उष्णता खातं. अर्धवट जळालेला हा माल म्हणजेच धूर. त्यात कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन, फॉर्माल्डिहाइड, बेंझो-ए-पायरीन आणि काजळीचे बारीक कण असतात. सिगारेटच्या धुरात यातलं बहुतेक सगळं सापडतं, कारण तीही एका वनस्पतीचं अर्धवट ज्वलनच. निकोटिन तेवढं चुलीत नसतं.

गोवरी सर्वांत जास्त धुरावते. तुराट्या आणि पऱ्हाट्या भुर्रकन जळतात, त्यामुळे सारखं पुढे सारावं लागतं आणि बाईला चुलीपासून हलता येत नाही. वाळलेली बाभूळ त्या मानाने बरी. ‘बरी’ म्हणजे गॅसच्या जवळपास मात्र नाही.

पीएम २.५ म्हणजे नेमकं काय?

२.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान व्यासाचे कण. केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर असते, त्यावरून अंदाज घ्या. मोठी धूळ नाकात, घशात अडकते आणि शिंकेबरोबर, थुंकीबरोबर बाहेर पडते. हे कण फुफ्फुसाच्या शेवटच्या वायुकोशापर्यंत उतरतात. चुलीच्या धुरातले बहुतेक कण तर १ मायक्रोमीटरपेक्षाही लहान असतात.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस घनमीटरला वर्षाची सरासरी ५ मायक्रोग्रॅम आणि २४ तासांची १५ अशी आहे. भारताचं २००९ चं मानक बाहेरच्या हवेसाठी वर्षाला ४० आणि २४ तासांना ६०. चूल पेटवताना स्वयंपाकघरात काही मिनिटं आकडा हजारांत जातो.

स्वयंपाकघरात यंत्र ठेवलं की झालं. बाईच्या अंगावर वेगळं कशाला?

या क्षेत्रातल्या निम्म्या चुका इथेच होतात. खोलीतलं प्रमाण आणि माणसाच्या नाकात जाणारं प्रमाण हे दोन वेगळे आकडे आहेत. बाई दिवसभर चुलीपुढे बसत नाही. ती पाण्याला जाते, शेतात जाते, ओसरीवर निवडत बसते. तान्हं बाळ पाठीवर असेल तर चुलीपाशी, पाळण्यात असेल तर दुसऱ्या खोलीत. शिवाय शेजारणीची चूल, न्हाणीतला बंब, कचऱ्याची शेकोटी हे सगळं तिच्या वाट्याला येतंच.

ग्वातेमालाच्या डोंगराळ भागात २००२ ते २००४ मध्ये स्मिथ यांच्या गटाने सुमारे ५०० घरांत चाचणी केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी घरं निवडून निम्म्यांना धुराडं असलेली चूल दिली. स्वयंपाकघरातला कार्बन मोनॉक्साइड सुमारे ९० टक्क्यांनी उतरला, मुलांच्या श्वासातला मात्र निम्म्यानेच. नुसती खोली मोजली असती तर यश जवळजवळ दुप्पट दिसलं असतं.

अंगावरचं मोजमाप नेमकं कसं करतात?

एका छोट्या झोळीत किंवा जाकिटात पंप असतो. त्याची नळी खांद्यावरून पुढे येते आणि टोकाची छोटी डबी नाकातोंडापासून वीतभर अंतरावर, पदराच्या काठाशी अडकवतात. डबीत आधी सायक्लोन असतो. हवा त्यात गोल फिरते आणि जाड कण बाहेर फेकले जातात. उरलेले बारीक कण ३७ मिलिमीटर व्यासाच्या टेफ्लॉन फिल्टरवर बसतात.

हिशेब सरळ आहे. पंप मिनिटाला १.५ लिटर हवा ओढतो. २४ तासांत २,१६० लिटर, म्हणजे २.१६ घनमीटर. फिल्टरचं वजन ४३२ मायक्रोग्रॅमने वाढलं तर ४३२ भागिले २.१६, म्हणजे घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम. ४३२ मायक्रोग्रॅम म्हणजे जेवणातल्या मिठाचे सात-आठ कण. एवढ्याशा वजनावर सगळा अभ्यास उभा असतो, म्हणून पुढच्या गोष्टींत ढिलाई चालत नाही.

फिल्टर वजनाआधी आणि नंतर २४ तास ठरलेल्या तापमानाच्या, आर्द्रतेच्या खोलीत मुरू द्यायचा. नाहीतर त्याने शोषलेलं पाणीच आपण धूर म्हणून मोजतो. काटा १ मायक्रोग्रॅमपर्यंत वाचणारा हवा. टेफ्लॉनवर स्थिर वीज साठते आणि काट्याचा आकडा थरथरत राहतो, म्हणून फिल्टर आधी आयोनायझरखालून काढायचा. चिमटा फक्त कडेला लावायचा, बोट कधीच नाही.

पंपाचा प्रवाह सुरू करताना आणि काढताना, दोन्ही वेळा मोजायचा. दोन्हींत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर तो नमुना बाद. दर दहा फिल्टरांमागे एक कोरा फिल्टर गावात न्यायचा, डबीत घालायचा, काढायचा, पण पंप लावायचा नाही. त्याचं वजन ६ मायक्रोग्रॅमने वाढलं तर तेवढे सगळ्यांतून वजा. वरच्या उदाहरणात मग २०० ऐवजी १९७ येतात.

आणि हो, बाईने यंत्र खरंच घातलं होतं का? आंघोळीला आणि झोपताना काढून जवळ ठेवायला परवानगी असते. पण पाहुणे आले म्हणून ते दिवसभर खुंटीला टांगलेलं असू शकतं. त्यासाठी आत हालचाल नोंदवणारी चकती ठेवतात. ती नसेल तर दुसऱ्या दिवशी न रागावता विचारायचं. रागावलात तर पुढच्या घरी खरं उत्तर मिळणार नाही.

खोलीत यंत्र कुठे टांगायचं?

प्रचलित पद्धत अशी: चुलीच्या काठापासून १ मीटर, जमिनीपासून १.४५ मीटर उंच आणि दारं-खिडक्यांपासून किमान दीड मीटर दूर. पण ही उंची उभ्याने स्वयंपाक करणाऱ्यांची आहे. आपल्याकडे चूल जमिनीलगत आणि बाई पाटावर किंवा उकिडवी बसलेली. धुराचा जाड थर आढ्याखाली साचतो, तेव्हा उंचावरचं यंत्र जास्त दाखवतं. एकाच उंचीवर सगळी घरं मोजायची असतील तर प्रचलित उंची घ्या. बसून स्वयंपाक असेल तर बसलेल्या नाकाच्या उंचीवर दुसरं यंत्र लावा आणि अहवालात दोन्ही उंच्या लिहा.

स्वस्त लेसर सेन्सर चालेल का?

फरक दाखवायला चालेल, नेमका आकडा सांगायला नाही. हे सेन्सर कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधतात. धूळ, अगरबत्ती आणि लाकडाचा धूर प्रकाश वेगवेगळा विखुरतात, म्हणून कारखान्यात बसवलेलं गणित चुलीपाशी चुकतं. ०.३ मायक्रोमीटरखालचे कण त्यांना जवळजवळ दिसतच नाहीत. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा फुगतो. कोकणात पावसाळाभर हेच होतं, आणि कुकरच्या शिट्टीची वाफ यंत्रावर गेली तरी हेच.

उपाय एकच. त्याच स्वयंपाकघरात फिल्टरच्या पंपाशेजारी सेन्सर ठेवा, निदान दहा-बारा घरांत, सेन्सरचा आकडा फिल्टरच्या आकड्याच्या किती पट येतो ते काढा आणि सेन्सरच्या आकड्याला तेवढ्याने भागा. दर महिन्याला पंख्याच्या तोंडावरची काजळी आणि कोळिष्टकं ब्रशने काढा. चुलीजवळ ठेवलेला सेन्सर न साफ करता दोन महिन्यांत नुसता भास दाखवू लागतो.

स्मिथ यांच्या गटाने याच अडचणीवर युक्ती काढली होती. घरात आग लागली की ओरडणाऱ्या साध्या धूर-अलार्मचं अंतरंग वापरून त्यांनी स्वस्त नोंदयंत्र बनवलं.

‘हजाराचा नियम’ काय आहे?

स्मिथ यांनी धुराचा हिशेब उगमाकडून न करता नाकाकडून केला. एक ग्रॅम धूर सोडला तर त्यातला किती भाग कुणाच्या तरी फुफ्फुसात जातो? गावाबाहेरच्या उंच चिमणीतून सोडलेला धूर पसरतो, विरतो. बंद खोलीतल्या धुराला जायला जागाच नसते. ढोबळमानाने घरात सोडलेला ग्रॅम बाहेर सोडलेल्या ग्रॅमपेक्षा हजारपट जास्त प्रमाणात श्वासात जातो. चूल चिमणीच्या मानाने फारच थोडा धूर सोडते, पण तो थेट माणसाच्या हवाली करते.

आणि घरातला धूर घरातच राहतो असंही नाही. देशातल्या बाहेरच्या हवेतल्या पीएम २.५ चा सुमारे पाव भाग घरगुती जळणातून येतो, असे अंदाज आहेत.

कोणते आजार होतात आणि पुरावा किती पक्का आहे?

सगळा पुरावा एका तोलाचा नाही. पक्क्या बाजूला आहे सिगारेट न ओढणाऱ्या बायकांमधला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आक्रसण्याचा आजार. लहान मुलांचा न्यूमोनिया, हृदयविकार, पक्षाघात आणि मोतीबिंदू हेही धुराशी जोडले गेले आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने घरात जाळलेल्या दगडी कोळशाचा धूर निश्चित कर्ककारक ठरवला. लाकडाचा धूर ‘बहुधा कर्ककारक’ या एक पायरी खालच्या गटात आहे. क्षयाशी असलेला संबंध अजून वादात आहे.

धुराडं बसवलं की प्रश्न मिटला ना?

तसं असतं तर तो १९८० च्या दशकातच मिटला असता. त्या दशकात सुरू झालेल्या आणि २००२ मध्ये गुंडाळलेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली वाटल्या गेल्या. आज त्या शोधाव्या लागतात. ओडिशात सुमारे २,६०० कुटुंबांवर झालेल्या अभ्यासात पहिल्या वर्षी श्वासातला धूर कमी झाला आणि पुढे फरक विरत गेला. चुली तडकल्या, लोकांनी दुरुस्त केल्या नाहीत, वापरही कमी होत गेला.

बिघाड साधेच असतात. पाइप काजळीने बुजतो आणि धूर उलटा घरात येतो. पाइप आढ्यापेक्षा खाली राहिला तर वारा धूर आत लोटतो. वैलावर भांडं नसलं की तिथूनच धूर बाहेर पडतो. मोठं पातेलं बसावं म्हणून तोंड फोडून रुंद केलं की चुलीचं गणितच बदलतं.

ग्वातेमालात डॉक्टरांनी निदान केलेला न्यूमोनिया धुराड्याच्या घरांत २२ टक्के कमी दिसला, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक ठामपणे सिद्ध झाला नाही. गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने घटला. तिथेच एक अप्रिय गोष्टही समोर आली: धूर आणि आजार यांचा आलेख सरळ रेषेत चढत नाही. खाली तो तीव्र चढतो, वर सपाट होत जातो. म्हणजे घनमीटरला ७०० चे ३५० केले तर तब्येतीला थोडाच फायदा, पण १०० चे ३० केले तर बराच. हाताशी आहे ते स्वच्छ करत बसायचं, की स्वच्छ आहे तेच हाताशी आणून द्यायचं, असा प्रश्न स्मिथ विचारत. कारकिर्दीच्या उत्तरार्धात त्यांचा कौल दुसऱ्या बाजूला, म्हणजे गॅस आणि विजेला होता.

पण गॅस देऊनही बाळांच्या वजनात फरक पडला नाही, असं वाचलं. मग?

बरोबर वाचलंत. तमिळनाडू, ग्वातेमाला, पेरू आणि रवांडा इथे ३,२०० गरोदर बायकांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांना शेगडी आणि गॅस फुकट मिळाला. त्यांच्या श्वासातलं पीएम २.५ घनमीटरला साधारण २४ मायक्रोग्रॅम राहिलं, चुलीवाल्या गटाचं साधारण ७१. तरीही जन्मवजनातला फरक जेमतेम २० ग्रॅम निघाला, आणि तान्ह्या बाळांच्या गंभीर न्यूमोनियातही फरक दिसला नाही. आफ्रिकेतल्या मलावीतही दहा हजारांहून अधिक मुलांच्या चाचणीत सुधारित चुलींनी न्यूमोनिया घटला नव्हता.

हे निकाल दडपणारे आणि ‘धूर निरुपद्रवी आहे’ म्हणणारे, दोघेही चुकतात. बायका चाचणीत आल्या तेव्हा गर्भ ९ ते २० आठवड्यांचा होता, त्याआधीचा धूर होऊन गेलेला. जन्मवजनावर आईचं पोषण, रक्तक्षय, मलेरिया हेही परिणाम करतात. आणि वीस-तीस वर्षांच्या धुराने होणारा सीओपीडी दीड-दोन वर्षांच्या चाचणीत दिसणार कसा? आमच्या मते यातून घ्यायचं एवढंच: बाळाच्या वजनाचं आश्वासन देऊन गॅस विकू नका.

सिलिंडर घरात आहे, तरी चूल का पेटते?

पैसा हे पहिलं कारण. १४.२ किलोचं सिलिंडर एकरकमी भरावं लागतं, सरपण पायाने आणि कष्टाने मिळतं. उज्ज्वलाच्या घरांत २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी सुमारे ३ सिलिंडर भरले गेले, २०२३-२४ मध्ये जवळपास ४. पाच माणसांचा सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर याच्या दुपटीने तरी लागतात.

दुसरं कारण कामांचं. चहा, भाजी, वरण गॅसवर जातं. आंघोळीचं पाणी, जनावरांचं खाद्य, घरच्या कार्याचा मोठा स्वयंपाक आणि भाकरी चुलीवर राहते. म्हणून ‘गॅस वापरता का?’ या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर खरंच असतं, पण अपुरं. स्मिथ यांच्या गटाने चुलीच्या अंगाला शर्टाच्या बटणाएवढे तापमापक चिकटवले. ते दर काही मिनिटांनी तापमान नोंदवतात आणि चूल दिवसातून किती वेळा पेटली ते सांगतात. चिकटवताना ज्वाळेच्या तोंडापासून दूर, मागच्या भिंतीला लावा. यातले साधे प्रकार ८५ अंशांपर्यंतच टिकतात, जवळ लावलात तर आठवड्याची नोंद जळून जाईल. आणि एक जोडीचं बटण सावलीतल्या भिंतीवर लावा, नाहीतर मे महिन्यातली दुपार आणि चूल वेगळी ओळखता येणार नाही.

‘धुराने लाखो मृत्यू’ हा आकडा कुठून येतो? दाखल्यावर तर असं कधी लिहिलेलं नसतं.

दाखल्यावर हृदयविकार किंवा न्यूमोनियाच असतो. आकडा हिशेबाने काढतात. समजा, धुरात राहणाऱ्यांना एखाद्या आजाराने मरण्याचा धोका १.२५ पट आहे आणि सगळेच धुरात आहेत. तर जादा ०.२५ ला १.२५ ने भागा, २० टक्के येतात. त्या आजाराचे १,००० मृत्यू असतील तर २०० धुराच्या खाती. कोणते २००, ते कुणीच सांगू शकत नाही. याच रीतीने भारतात २०१९ मध्ये प्रदूषणाचे एकूण १६.७ लाख मृत्यू मोजले गेले, त्यांत घरगुती धुराचे सुमारे ६.१ लाख.

सध्या चूलच आहे. धूर कमी कसा करायचा?

ओलं सरपण जाळू नका. फोडून, छपराखाली, जमिनीपासून विटांवर उचलून निदान दोन-तीन महिने वाळवा. दोन लाकडं एकमेकांवर आपटली तर खणखणीत आवाज यावा, बद्द आवाज आला तर आत पाणी आहे. मनगटाएवढ्या जाडीच्या ढलप्या करा. चुलीचं तोंड कोंबून भरू नका, लाकडांखालून हवा जायला वाट ठेवा. पेटवायला प्लास्टिकची पिशवी किंवा टायरचा तुकडा अजिबात नको, त्याचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा विषारी. झाकण ठेवून शिजवा, डाळ-तांदूळ आधी भिजवा.

घराकडेही पाहा. कौलांच्या फटींतून धूर निघून जाई, माळवदाला सवणं असे. वर स्लॅब पडला, चूल तीच राहिली आणि धूर कोंडला. समोरासमोर दोन झरोके काढा, एक चुलीच्या वर आढ्याजवळ, दुसरा खाली. धुराडं असेल तर चार इंची पाइप छपराच्या टोकापेक्षा दोन फूट वर न्या, वर टोपी बसवा आणि महिन्यातून एकदा काठीला गोणपाट गुंडाळून काजळी पाडा. पाण्याची चूल आणि बंब आधी घराबाहेर काढा, हे सर्वांत सोपं. आणि स्वयंपाक चालू असताना पाळणा दुसरीकडे.

भाकरीसाठी गॅसवर बिडाचा जाड तवा घ्या, शेवटी जाळीवर फुगवा. चुलीची चव येणार नाही, भाकरी मात्र येते.

पदर किंवा मास्क लावून उपयोग होतो का?

पदराने डोळे झोंबायचे थोडे कमी होतात, बारीक कण आरपार जातात. नीट बसलेला एन-९५ कण अडवतो, कार्बन मोनॉक्साइड नाही. चुलीच्या धगीत तो तासभर कुणी घालून बसतही नाही.

आई तीस वर्षं चुलीपुढे बसली. आता तिला चढावर दम लागतो. काय तपासायचं?

स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून फुफ्फुसांतून किती हवा किती वेगाने निघते ते मोजणारी तपासणी. छातीचा एक्स-रे सीओपीडीत बराच काळ साधा दिसू शकतो. आधी एक फुंक मोजतात, मग सालब्युटामॉल हे श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध देऊन १५-२० मिनिटांनी दुसरी. औषधानंतरही पहिल्या सेकंदात निघणारी हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर नळ्या आक्रसल्या आहेत. तपासणी बिघडते ती बहुधा फुंकीत: ओठांतून हवा गळते, सुरुवात हळू होते किंवा दोन सेकंदांतच थांबतात. पूर्ण श्वास भरून एकदम जोरात सोडायचा आणि निदान सहा सेकंद सोडत राहायचं. निदान तीन चांगल्या फुंका हव्यात. डॉक्टरांना ‘तंबाखू, विडी नाही’ एवढंच सांगून थांबू नका. किती वर्षं आणि दिवसाला किती तास चूल, हे आपणहून सांगा.

कोळशाची शेगडी धूर करत नाही. थंडीत खोलीत ठेवली तर?

धूर दिसत नाही, कारण धुरावणारा भाग कोळसा पाडतानाच जळून गेलेला असतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र भरपूर निघतो आणि त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी, आणि मग जाग येतच नाही. दार लावून झोपायच्या खोलीत शेगडी ठेवू नका. शेकायचं तर खिडकी उघडी ठेवा आणि अंथरूण घालण्याआधी शेगडी अंगणात नेऊन ठेवा. निखाऱ्यांवर राख ओढून तिला आत ठेवण्याची सवय तर सर्वांत घातक, कारण राखेखाली ती रात्रभर धुमसत राहते.